पेटी, ताट आणि थोरला भाऊ

कळंबच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी पंचांनी घरोघरी जायचं, अशी पद्धत आहे. ज्यांचं एकमेकांशी बोलणं बंद असेल त्यांना समजवायचं, कारण मनात अढी ठेवून भाकर आणि प्याला घ्यायचा नाही. रविवारी उपासनेत पाळक विचारतात, कुणाचं कुणाशी काही राहिलंय का? मग ज्याची चूक असेल त्यानं बाकावरून उठायचं, सगळ्यांदेखत दुसऱ्याकडं जायचं आणि हात पुढं करायचा. हात मिळाले की भांडण संपलं.

मी वीस वर्षं पंच आहे. दोन जावांना, सासरा-जावयांना, एकदा तर खुद्द पाळकांना आणि त्यांच्या शेजाऱ्याला मी एकत्र आणलंय. लोक माझ्या जिभेचं कौतुक करायचे आणि मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? एक नियमही मीच घालून दिला होता: मंडळीसमोर मिटलेलं पुन्हा उकरून काढायचं नाही. कुणी काढायला लागलं की मी तिथल्या तिथं गप्प करायचो.

माझा थोरला भाऊ उपासनेत पेटी वाजवायचा. पेटी आमच्या वडिलांनी मंडळीला दिलेली. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात गाण्यांचा सराव चर्चच्या ओट्यावर झाला. घरी निघताना दादा मला म्हणाला, "पेटी तेवढी आत ठेव रं, आभाळ आलंय." मी व्हय म्हणालो आणि खुर्च्या मोजत बसलो. खुर्च्या आत गेल्या, पेटी ओट्यावरच राहिली. संध्याकाळी अवकाळी पाऊस झाला. सकाळी पेटीचा भाता भिजून फुगला होता, पट्ट्या दाबल्या तरी सूर निघेना.

सगळ्यांनी साहजिकच दादाकडं पाहिलं. तो म्हणाला, "म्या ह्याला आत ठेवाय सांगितलं हुतं."

"मला कुणी सांगितलं न्हाय," मी म्हणालो.

इतकं सरळ, इतकं चटकन. भीती वाटली होती का? थोडी. त्याहून जास्त लाज वाटली होती. गावाला निष्काळजीपणावरून चार गोष्टी सुनावणारा मी, माझी चूक कशी निघेल! लोकां सांगे ब्रह्मज्ञान, ही म्हण शेजारच्यांनी माझ्यासाठीच राखून ठेवली असावी.

दादा पाच महिने माझ्याशी बोलला नाही. प्रभुभोजनाचा रविवार आला की पंचाईत माझी व्हायची, कारण भाकरीचं ताट मीच फिरवायचो आणि अढी असलेल्या पंचाला ताट देता येत नाही. दोनदा मी आजारपणाचं निमित्त सांगितलं. तिसऱ्यांदा पाळकांनी स्पष्टच सांगितलं, आता मिटवा, नाहीतर ताट दुसऱ्याकडं द्यावं लागेल.

त्या रविवारी पाळकांनी नेहमीचा प्रश्न विचारला आणि दादा उठला. मी नाही, दादा. बायकांच्या बाकांपुढून चालत आला आणि त्यानं हात पुढं केला. मागून कुणीतरी म्हणालं, "केली बघा कबूल." मी हात हातात घेतला आणि मूग गिळून बसलो. नंतर ताट फिरवलं, त्यालाही भाकर दिली.

पेटी दुरुस्त होऊन आली तेव्हा दादा म्हणाला, आता बोटं चालत न्हाईत. माझ्या भाचीला मात्र तो घरी ताटलीवर ठेका धरून गाणी शिकवत होता. आता तो माकणीला तिच्याकडंच राहतो. मंडळीत अजून म्हणतात, माणूस भला, पण तेवढी पेटी त्यानं घालवली.

गेल्या महिन्यात मी माकणीला गेलो. दोन गाड्या बदलून पोचेपर्यंत वाक्यं पाठ केली होती. दादा अंगणात बाजेवर बसला होता, फार वाळलाय. मी म्हणालो, "दादा, त्या पेटीचं..."

त्यानं हात वर केला. "मंडळीसमोर मिटलेलं काढायचं न्हाय. तुझाच नियम हाय न्हवं?"

"पण चूक माझी हुती. तुमी सांगितलं हुतं मला."

"ते मला ठावं हाय की," तो म्हणाला. "ताट अजून तूच फिरवतोस न्हवं?"

"व्हय."

"मग झालं तर. त्यापायीच उठलो हुतो म्या. तुला लई हौस त्याची."

भाचीनं चहा आणला. पुढं पाऊसपाण्याच्या गोष्टी झाल्या. उठताना मी ठरवलं होतं, आता मंडळीसमोरच सांगायचं. त्याचं नाव तिथंच गेलंय, तिथंच परत करायचं.

पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं. पाळकांनी विचारलं, कुणाचं कुणाशी काही राहिलंय का? मी पुढंच उभा होतो, ताट हातात घेऊन. पाळक थांबतात तितके थांबले. एका बाकावरून खोकल्याचा आवाज आला. मग त्यांनी मान हलवली आणि मी पहिल्या बाकापासून भाकर द्यायला सुरुवात केली.