आम्ही चौघं ओपन सोर्सवाले

किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. चार चित्रकारांनी मिळून एखादं तत्त्व पाळायचं ठरवलं, की ते आपोआप साचतात.

आमचं तत्त्व काय, तर यापुढे चित्रं फक्त ओपन सोर्स सॉफ्टवेअरवर. कोणा कंपनीच्या मालकीचं नाही, कोणीही वापरावं असं. सुरुवात समीरमुळे झाली. कळव्याचा अ‍ॅनिमेटर. त्याचं जुनं सॉफ्टवेअर कंपनीने एक दिवस बंदच केलं आणि नऊ वर्षांत काढलेली कॅरेक्टर्स उघडेनात. "चित्रं माझी आणि चावी त्यांची!" एवढंच म्हणाला.

तो, मी, डोंबिवलीची वैशाली आणि शाळेत आम्हाला चित्रकला शिकवलेल्या कर्णिकबाई. झालो चौघं.

*

पहिलं पोस्टर घेऊन मी कोपरीतल्या प्रिंटरकडे गेलेलो. घाईत पीडीएफ करायचं राहिलेलं. त्याने तीनदा क्लिक केलं.

"ही कसली फाईल?"

"ओपन सोर्स आहे, दादा."

"ओपन आहे ना? मग ओपन का होत नाही!"

कार्यक्रम संध्याकाळी होता. शेवटी त्याने त्याच्याकडचं तयार डिझाइन छापलं. गुलाबाच्या बॉर्डरचं.

*

समीरने सगळे मेनू मराठीत करायला घेतले. 'लेअर'ला काय म्हणायचं यावर दोन आठवडे वाद. तो म्हणे 'थर'. वैशाली म्हणे, "अरे, ठाण्यात थर म्हटलं की लोक हंडी शोधतात!"

चार महिने खपून त्याने काम पूर्ण केलं. वैशालीने उघडलं, पाच मिनिटं शोधाशोध केली.

"मस्त झालंय रे. आता हे परत इंग्लिशमध्ये कसं करायचं?"

*

माजिवड्याच्या एका स्टुडिओत वैशालीचा इंटरव्ह्यू होता. तिची चित्रं त्यांना फार आवडली. मग विचारलं, कशावर केलीयत? हिने सांगितलं.

"अच्छा, म्हणजे प्रोफेशनली अजून सुरू नाही केलंत!"

बारा वर्षं मुलांच्या पुस्तकांत चित्रं काढतेय ही! नोकरी मिळाली, पण त्यांचंच सॉफ्टवेअर वापरायच्या अटीवर. "सॉरी यार," एवढं लिहून ती ग्रुपमधून बाहेर पडली.

पुढच्या महिन्यात समीरही ग्रुप सोडून गेला. आता तो चित्रंच काढत नाही. विचारलं तर म्हणतो, "काढून ठेवू कुठे?"

*

उरलो मी आणि बाई.

बाईंचा हात गेली दोन वर्षं थरथरतो. कागदावर काढणं त्यांनी सोडूनच दिलेलं. मी त्यांच्या टॅब्लेटवर स्टॅबिलायझर सुरू करून दिला. त्याने हात कितीही हलला तरी रेघ न हलता उमटते. बाईंनी मोगऱ्याची एक फांदी काढली. सुरेख! मला भरून आलं.

बाईंनी मात्र स्क्रीनवरच्या फांदीवरून बोट फिरवून पाहिलं.

"अरे, यात काही चूक असेल तर ती बनवणाऱ्यांना कळवता येते, म्हणालेलास ना?"

"हो बाई. कोणीही कळवू शकतं."

"मग कळव."

मी फॉर्म उघडला. 'अडचण काय आहे?' असा रकाना होता. मी बाईंकडे बघितलं.

"लिही," बाई म्हणाल्या, "रेघ माझी नाही."