हा भाग नको

प्रशिक्षण तीन दिवसांचे होते. जागा शुक्रवार पेठेतल्या वाचनालयाचा वरचा हॉल. विषय जुनी पुस्तके, कागद आणि छायाचित्रे कशी टिकवायची. निवृत्त झाल्यापासून मी त्या वाचनालयातल्या वर्तमानपत्रांच्या फायली लावून देते, म्हणून माझे नाव यादीत होते. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने घरची एक खराब झालेली वस्तू आणायची, अशी सूचना होती.

मी एक छायाचित्र आणले. ते माझे नव्हते.

वर्तमानपत्रात उपसंपादक असताना एक मुलगी वडिलांच्या निधनाची बातमी घेऊन आली होती. वडील यंत्रमाग कामगार, संघटनेत काम केलेले. सोबत कृष्णधवल छायाचित्र होते. खंडेनवमीला कारखान्यात काढलेले. मागाला झेंडूची माळ, एका बाजूला वडील, दुसऱ्या बाजूला पूजेला आलेली आई. आई वडिलांच्या आधीच गेलेली होती. "आईचा दुसरा फोटो न्हाय, मॅडम. तेवढा परत द्या की," असे ती दोनदा म्हणाली. मी "परवा या" म्हटले.

बातमी एका कॉलमची होती. एका कॉलमात एकच चेहरा बसतो. छायाचित्रातला कोणता भाग घ्यायचा हे छपाई विभागाला कळावे म्हणून आम्ही चकचकीत कागदावर लाल मेणाच्या पेन्सिलीने खुणा करायचो. मी वडिलांभोवती चौकट आखली आणि आईवर आडवी फुली मारली. पाठीमागे बॉलपेनने मुलीचे नाव, भवानी पेठेतली गल्ली आणि त्याखाली बाण काढून लिहिले: हा भाग नको.

छायाचित्र छपाई विभागातून माझ्याकडे परत आले ते या खुणांसकट. कोऱ्या कागदावर खुणा करून तो छायाचित्राला जोडायचा, अशी पद्धत होती. घाईच्या दिवशी ती कोणी पाळत नसे. मी रुमालाने फुली पुसून पाहिली. लाल रंग पसरला. मुलगी आली तेव्हा छायाचित्र माझ्या खणात होते. मी सांगितले, सापडत नाही. ती आणखी दोनदा आली. नंतर आली नाही. नोकरी सोडताना खण रिकामा केला आणि पाकीट घरी आणले.

प्रशिक्षणाला आमच्या टेबलावर शुक्रवार पेठेतलेच एक म्हातारे बाइंडर होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. सकाळीच त्यांचे आणि प्रशिक्षक बाईंचे पुस्तके चिकटवायच्या खळीवरून वाजले होते.

"आमी खळीत मोरचूद घालतो," चाचा म्हणाले. "आमचे अब्बाबी घालायचे. कीड न्हाय लागत."

"कीड लागत नाही, चाचा. पण मोरचुदाने कागदच जळतो. काही वर्षांनी हातात तुकडे येतात."

चाचा म्हणाले, "म्हंजे किडीला बदनाम केलं, खाल्लं आमीच."

हॉल हसला. ते स्वतः हसले नाहीत.

माझे पाकीट उघडल्यावर प्रशिक्षक बाईंनी छायाचित्र उजेडात तिरके धरले. खुणा कोणी केल्या, असे त्यांनी विचारले. मी सांगितले. चाचांनी मान वळवून माझ्याकडे पाहिले.

"मॅडम, तुमचाबी मोरचूद निघाला की," ते म्हणाले.

बाईंनी आधी कडेच्या खुणेचा एक ठिपका तपासला. पाणी वापरायचे नाही. पाण्याने वरचा थर फुगतो. बारीक काडीला कापूस गुंडाळून, तो एका द्रावणात जेमतेम ओला करून त्यांनी तो खुणेवर फिरवला. घासला नाही, लाटण्यासारखा फिरवला. कापूस गुलाबी झाला. खालचा करडा रंग जसाच्या तसा होता.

"मेण आहे. वरच बसलंय," त्या म्हणाल्या. "निघेल. तुम्ही करा."

कोपर टेबलावर टेका, एवढेच त्यांनी सांगितले. काम जेवणाच्या सुट्टीपर्यंत चालले. प्रत्येक फेरीला नवा कापूस घ्यायचा, नाहीतर काढलेला रंग परत लागतो. आधी पदर मोकळा झाला, मग हनुवटी, शेवटी डोळे. चाचा वापरलेले बोळे एका वाटीत गोळा करत होते. डाव्या खांद्यावर एक पुसट डाग राहिला. तिथे पेन्सिल नव्हती, माझा रुमाल होता; घासून वरची चकाकीच गेली होती. तो निघणार नाही, असे बाई म्हणाल्या.

मी पाठीमागची शाई दाखवली. त्यांनी नकार दिला. बॉलपेन वापरायलाच नको होते, पण आता काढायला गेलो तर कागद जाईल. ती राहू द्या.

पत्ता त्या शाईतच होता.

प्रशिक्षण संपल्याच्या दुसऱ्या दिवशी मी भवानी पेठेत गेले. त्या गल्लीत नाव विचारले. तिसऱ्या दारी तीच भेटली, आता केस पिकलेली. मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. आतल्या खोलीत तिची मुलगी मोबाइलवर बोलत होती. मी कोण ते सांगितले. तिने सूप बाजूला ठेवले, हात धुतले, पुसले. मग छायाचित्र हातात घेतले. कडेने धरा, असे मी म्हणाले. तिने कडेने धरले.

तिने बराच वेळ पाहिले. नंतर उलटे केले आणि अक्षरे जुळवत वाचले.

"ह्यो भाग म्हंजे कुठला?"

"तुमची आई," मी म्हणाले. फुली, रुमाल, खण, सगळे सांगितले. ती आली त्या प्रत्येक वेळी छायाचित्र माझ्याकडेच होते, हेही सांगितले.

"म्हंजे तवा खोटं बोलला तुमी."

"हो."

तिने आत तोंड करून मुलीला तेलुगूत काहीतरी सांगितले. मुलगी मोठ्याने हसली. काय म्हणालात, असे मी विचारले.

"काय न्हाय. म्हणलं, पेपरातले वडील रद्दीत गेले. नको म्हणलेली आई घरी आली की." मग म्हणाली, "बसा. पोरगी चहा ठेवती."

चहा होईपर्यंत मी तिला जपायचे कसे ते सांगितले. काचेला चिकटवून बसवू नका, मध्ये जाड कागदाची चौकट घाला. उन्हात नको. देवाजवळ उदबत्तीच्या धुरात नको. मागे लिहायचे तर दाबून नको, पुढे वळ उमटतो. ती ऐकत होती, पण डोळे छायाचित्रावर होते. खांद्यावरचा डाग तिला दिसला. "हे काय?" असे तिने विचारले. माझा रुमाल, मी म्हणाले. तिने मान हलवली.

"मागं वडिलांचं नाव न्हाय, आईचंबी न्हाय," ती म्हणाली. "माझं हाय, तुमचं ते 'नको' हाय. आता ल्ह्या की दोघांची."

प्रशिक्षणात मिळालेली मऊ शिशाची पेन्सिल पिशवीत होती. मी पाटावर स्वच्छ कागद पसरला, त्यावर छायाचित्र उलटे ठेवले. तिने वडिलांचे नाव सांगितले. ते मला आठवत होते. बातमीत मीच छापले होते. मग आईचे सांगितले. ते मी पहिल्यांदा ऐकत होते.

मी लिहायला लागले तेव्हा ती माझ्या हातावर वाकली.

"दाबू नका," ती म्हणाली.