शेखर सर आणि काळी पाटी

शेखर बिरदवड्यांचा हात अक्षरावर बसलेला. चाकणच्या अलीकडं त्यांचं गाव. तिथल्या दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरमागची नावं, शाळेच्या भिंती, सगळं त्यांनी शिडीवर चढून रंगवलेलं. मग शिकले, आकुर्डीच्या एका कला महाविद्यालयात अक्षरलेखन शिकवायला लागले. एकवीस वर्षं झाली, पण कंत्राट दर साली नवं. यंदा त्या कागदात एक ओळ वाढली: संगणकावर शिकवायचं प्रशिक्षण जो पास न्हाई, त्याला तास न्हाईत.

सरांनी त्याच दिवशी प्रशिक्षणाला नाव नोंदवलं.

शिकवायला आली सलोनी, सरांचीच जुनी विद्यार्थिनी. हातात पेन, टेबलावर संगणकाला जोडलेली काळी पाटी, आणि रेघ उमटायची समोरच्या पडद्यावर. चार दिवस नुसत्या सरळ रेघांचा सराव झाला. पाचव्या दिवशी परीक्षा: सगळ्या मास्तरांसमोर 'ळ' काढून दाखवायचा.

सरांनी पडद्याकडं बघत पेन टेकवलं. वळण आलं आणि हातानं पाटी फिरवली. कागदावर काम करणारा माणूस वळणाला कागद फिरवतो. त्या हाताला दुसरं ठाऊकच नव्हतं. पडद्यावर रेघ तिरकी पळाली ती थेट कोपऱ्यात.

"अहो शेखर सर," मागच्या बाकावरच्या सहकारी मृदुला मॅडम म्हणाल्या, "पोळ्या लाटताय का?"

खोली हसली. सरांनी पुसलं, परत काढलं. पाटी परत फिरली. मानेवरनं घामाची धार लागली. जूनमधी वर्गात दुसराच कोणी उभा हाय आणि आपण बावन्नाव्या वर्षी परत शिडीवर, हे त्यांना लख्ख दिसलं.

तिसऱ्या बारीला भीतीनं मान वर होईना. पडद्याकडं बघायचं सोडून नजर पाटीवरच रोवली, पाटीलाच कागद मानून हवी तशी फिरवली आणि एका दमात अक्षर काढलं. सरांना वाटलं, गेलं आता.

"सर, वर बघा," सलोनी म्हणाली.

पडद्यावर 'ळ' ताठ उभा होता. मृदुला मॅडम पुटपुटल्या, "अगं बाई!"

"म्हंजी पास ना?" सरांनी विचारलं.

सलोनी फॉर्म चाळत राहिली. "अक्षर माझ्यापेक्षा झकास आहे, सर. पण मुलं पडद्याकडं बघून काढणार. तुम्हीच बघत नाही, तर त्यांची चूक दाखवणार कशी? सोमवारी परत या. ती शेवटची संधी."

ह्याच पोरीचा कागद सरांनी वर्गात अक्षर चुकलं म्हणून तीनदा परत धाडला होता. ते आठवून त्यांनी पाटी जवळ ओढली.

"ही पाटी घरी नेता यील का, मॅडम? दोन दिवस?"

"मॅडम काय म्हणता, सर! न्या ना. रजिस्टरात सही करा फक्त."

सही करताना 'श'च्या वळणाला रजिस्टरही फिरलं. कोणी बघायच्या आत सरांनी रजिस्टर मिटलं.