साखरेच्या डब्यातला हात

मी सांगलीत राहतो, आई रहिमतपूरजवळच्या आमच्या गावी एकटी. एकदा तिच्याकडून गॅस चालूच राहिला, म्हणून मी तिच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कॅमेरा बसवला. मोबाइलवर घर दिसायचं, इथून बोलताही यायचं. "आता तू कायम माझ्या नजरेसमोर," असं तिला तोऱ्यात सांगितलं होतं. त्यानंतर माझं गावी जाणं कमी झालं. रोज दिसतेच आहे, मग जायचं कशाला?

शेजारच्या काकू मागच्या दारानं येत. दोघींचा सकाळचा चहा आमच्याच ओट्यापाशी व्हायचा. मला त्यांनी कडेवर खेळवलेलं. मी ऑफिसात साहेब झालो तरी त्यांची हाक "आरं लेका" अशीच.

त्या सकाळी कामातून सहज मोबाइल उघडला. आई देवळात गेली होती. काकू एकट्याच होत्या आणि त्यांचा हात आमच्या साखरेच्या डब्यात होता. मी क्षणभरही थांबलो नाही.

"काकू, डब्यात काय शोधताय? आई घरात नाहीये."

भिंतीतून आलेल्या माझ्या आवाजानं त्या दचकल्या. दाराकडे बघितलं, वर बघितलं. मग मूठ डब्यात मोकळी केली, झाकण नीट दाबलं, आपली चरवी उचलली आणि गेल्या.

ओट्यावर आमच्या पातेल्यात चीक होता. त्यांची म्हैस व्यायली होती. चीक असो की फराळ, शेजारचं भांडं रिकामं परत जाऊ द्यायचं नसतं, चिमूटभर साखर तरी घालायची. आई घरात नाही, म्हणून तिच्या वतीनं काकू स्वतःच आपल्या चरवीत साखर घालून घेत होत्या. लहानपणी अशी भांडी घरोघर पोचवायचं काम माझंच होतं. तरी मला डब्यातला हात तेवढा दिसला. पातेलं नंतर दिसलं.

हे मी कुणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

"ती येईना झालीया रं," आई फोनवर म्हणायची. "काय लागलं असंल तिला?"

"कामात असतील," मी म्हणायचो. पावसाळाभर हेच म्हणत राहिलो. आई सवयीनं दोन कप मांडायची, मग एक उचलून फळीवर ठेवायची. तेही मी बघायचो आणि मोबाइल बंद करायचो.

दिवाळीला गेलो. आधी कॅमेरा काढला, मग आईला सांगितलं.

"तिला चोर म्हणलास?"

"तसं म्हणालो नाही."

"मग काय म्हणलास?"

मी शब्दनशब्द सांगितलं. ती उठून आत गेली. मग लाडवांचा डबा भरून माझ्या हातात दिला. "जा. आन् समोर उभा राहून बोल. भिंतीतनं नगं."

काकू त्यांच्या घराच्या पुढच्या सोप्यात बसल्या होत्या. मला बघून उठल्या. "या साहेब. बसा. चा टाकते."

साहेब! मी उभ्या उभ्याच माफी मागितली. चुकलो म्हणालो.

"आवं, त्यात काय एवढं," त्या हसून म्हणाल्या. "तुमचं घर, तुमचा डबा."

लाडू त्यांनी ताटात काढून घेतले. डबा आत नेला, विसळला, पदरानं कोरडा केला आणि माझ्या हातात दिला. रिकामा.

घरी आईनं दारातच तो घेतला. झाकण उघडलं, आत बघितलं आणि फळीवर पालथा घातला.