मोबाइलमधला पडदा

पिपरी मेघेत आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारे हे गृहस्थ हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये प्रेसवर आहेत, कापसाच्या गाठी बांधतात. दम लागायला लागला, तेव्हा त्यांच्या मुलीनं मोबाइलवर श्वासाचं हलतं चित्र लावून दिलं. फुप्फुसांखालचा गुलाबी पडदा खाली जातो, फुप्फुसं फुगतात. पडदा वर येतो, ती रिकामी होतात. सोबत एक बाई म्हणते, ‘साँस अंदर, साँस बाहर.’

सोमवारी त्यांची नळीत फुंकून दम मोजायची तपासणी आहे. कमी पडले तर यंदा प्रेसवर घेणार नाहीत. म्हणून सकाळ-संध्याकाळ ओट्यावर सराव चालतो, एक हात पोटावर आणि मोबाइल गुडघ्यावर.

“आपल्या प्रेसवानीच आहे, वहिनी. फक्त इथं दट्ट्या खाली गेला का माल आत येते.”

काल मी त्यांना सांगायला गेले होते, की जुना एक्स-रे, आधार कार्ड आणि पाण्याची बाटली आधीच पिशवीत भरून ठेवा. तेवढ्यात नेट गेलं. पडदा वरच अडकला आणि तेही तसेच थांबले. चेहरा लाल होत गेला.

“भाऊ, घ्या ना श्वास.”

त्यांनी बोट वर करून मलाच थांबवलं. पडदा हलला तेव्हा कुठे श्वास घेतला आणि खोकत म्हणाले, “मधातच घेतला तं ताल चुकते ना.”

“अन् तिथं तपासणीत मोबाइल नाई चालू देला तं?” मी विचारलं.

त्यांनी चित्र पुन्हा पहिल्यापासून लावलं.

आता भिंतीपलीकडचा त्या मोबाइलमधल्या बाईचा आवाज मधेच थांबला, की माझा कणकेतला हातही थांबतो.