आईच्या शाळेची वाट

लग्न होऊन डिलाईल रोडच्या चाळीत आल्यापासून आई कोकणात माहेरी जायची ती एसटीनेच. गेल्या हिवाळ्यात ती म्हणाली, “एकदा डोंगरावरून चालत जाऊया गं, आम्ही शाळेतून यायचो त्या वाटेने.”

गुडघ्याला पट्टा बांधून ती निघाली. टेकड्या ओलांडून आम्ही नदीवर उतरलो. पलीकडे जुनं देऊळ आणि कौलारू घरं दिसत होती. पाणी घोटाभरच होतं, तरी मी तिचा हात धरला. मधोमध आल्यावर तिने तो सोडवला, साडी खोचली आणि दगडावर बसून पाय पाण्यात सोडले.

“आई, मामा जेवायचा थांबलाय.”

“थांबू दे. इथे मला कधी बसायलाच मिळालं नाही. घरी कामं असायची.”

मग मीही तिच्या शेजारी टेकले. जेवायला आम्ही उशिराच पोचलो.