सावधान झोपलेला जवान

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर माझी पोस्टिंग नाशिकजवळच्या एका मिलिटरी हॉस्पिटलात झाली. आर्मी मेडिकल कोअर, नर्सिंग असिस्टंट, रँक हवालदार. माझं गाव घोटी, त्यामुळे घरचे खूश होते. फौजेत नर्सिंग करणं म्हणजे बंदूक टाळणं, असं आजही काही शहाणे मला ऐकवतात. त्यांनी चोवीस खाटांचा सर्जिकल वॉर्ड एक दिवस सांभाळून दाखवावा, मग बोलू.

सकाळी टेम्परेचर, पल्स, स्पंजिंग. मग चादरी. चादरीला एक सुरकुती चालायची नाही, कारण पडून असलेल्या माणसाची कातडी तिथेच सोलवटते. दहाला कमांडंट साहेबांचा राउंड. चालते-फिरते पेशंट खाटेच्या पायथ्याशी उभे राहत. ज्यांना उठता येत नसे ते झोपूनच सावधान होत. टाचा जुळलेल्या, हात कडेला, नजर छताला. साहेब विचारत, "कैसे हो?" उत्तर ठरलेलं, "ठीक हूँ, साब!" मग पोटाला वीस टाके असोत नाही तर अंगात एकशे चार ताप.

आमच्या वॉर्डच्या सिस्टर, एक कॅप्टन मॅडम, या उत्तरावर जाम चिडायच्या. पेशंटचं तोंड सगळ्यात शेवटी ऐका, आधी बघा, मग हात लावा, असं त्या शिकवायच्या. आजारपण प्रत्येकाला वेगळं लागतं, हेही त्यांचंच. कुणी आईला हाका मारतो, कुणी जेवणाच्या ताटावर राग काढतो. फौजीला बहुतेक वेळा लाज वाटते आणि तो दुखणं लपवतो. मॅडमचं हे बोलणं मी तेव्हा निम्मंच मनावर घेतलं होतं.

लान्स नाईक काशिनाथ गावित अकरा नंबरच्या खाटेवर आला. सुरगाण्याकडचा गडी, तोफखान्यातला. सरावात तोफेचा मागचा भाग नडगीवर आदळून हाड मोडलं होतं. संध्याकाळी प्लास्टर घातलं. वर्षअखेरीला त्याचा प्रमोशनचा कोर्स होता. लो मेडिकल कॅटेगरी, म्हणजे पूर्ण फिट नसल्याचा शेरा, लागली तर कोर्स हातचा जाणार, या धास्तीने तो कुणाला धड उत्तर देत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी मी त्याच्यापाशी पोचलो. पल्स एकशे बारा. नाश्त्याच्या पुऱ्या तशाच. उशीचा एक कोपरा चावून चावून फाटला होता, आतला कापूस बाहेर आला होता. प्लास्टरबाहेरची बोटं सुजलेली, निळसर, गार. अंगठा जरा वर वळवला तर त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"काशिनाथ, दुखतंय ना?"

"नाय दादा. ठीक हाय."

"बोटं निळी पडलीत, बाबा."

"लिहू नका. पाया पडतो. कॅटेगरी लागली तर माझं समदं गेलं."

मी लिहिलं. पण पुढे जे केलं, त्याची मला आजही चीड येते. सर्जन आणि मॅडम ऑपरेशन थिएटरमध्ये होते. मी तडक ड्यूटी डॉक्टरांकडे पळायला हवं होतं. पण दहाला सगळे साहेब येणारच आहेत, तेव्हा दाखवू, असं म्हणून मी राउंडची तयारी करत राहिलो. चादरी ताणल्या, लॉकर एका रेषेत लावले. तिकडे पायात रक्त अडत होतं आणि मी खाटांच्या रेषा बघत होतो.

दहा वाजून पाच मिनिटांनी राउंड अकरा नंबरवर आला. विचारल्याशिवाय स्टाफने बोलायचं नाही, हा नियम होता. काशिनाथने मोडका पाय प्लास्टरसकट ओढून टाच जुळवली होती.

"कैसे हो, जवान?"

"ठीक हूँ, साब!" आवाज खणखणीत.

कमांडंट साहेब बाराकडे वळले.

"सर, ये ठीक नहीं है," मी म्हणालो.

सुभेदार मेजर साहेबांनी डोळे वटारले. "हवालदार, चुप!"

"पेशी बाद में लगाइए, साब. पहले पैर देखिए."

सर्जन मेजर साहेब वाकले. त्यांनी अंगठा वळवला. काशिनाथच्या तोंडून हूं की चूं नाही, पण लोखंडी खाट खडखडली.

"प्लास्टर कटर लाओ. अभी!"

प्लास्टर तिथेच कापलं. मग थिएटरमध्ये नेऊन पोटरीला छेद दिले आणि आतला दाब मोकळा केला. आणखी उशीर झाला असता तर पाय कापावा लागला असता, असं सर्जन म्हणाले.

चार वाजता कमांडंट साहेबांपुढे माझी पेशी. टोपी आणि बेल्ट काढून उभा राहिलो.

"कब देखा?"

"आठ दस पर, सर."

"बोले कब?"

"दस पाँच पर."

"बोलने की सज़ा नहीं है. एक घंटा पचपन मिनट चुप रहने की है."

चौदा दिवस एक्स्ट्रा ड्यूटी. शिक्षा रास्त होती.

काशिनाथ महिनाभर माझ्याशी बोलला नाही. मी स्पंजिंगला गेलो की भिंतीकडे तोंड करायचा. कोर्स त्या वर्षी हुकलाच. पण पुढच्या वर्षी पायही चालला आणि लो कॅटेगरीचा शेराही निघाला. पुढे त्याने पत्र पाठवलं, 'हवालदार झालो.' एवढंच.

दोन हजारनंतर तो उत्तरेच्या सीमेवर, डोंगरातल्या एका चौकीवर कामी आला. तोवर मी रिटायर होऊन नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात फर्स्ट एडच्या खोलीत नोकरीला होतो. मी एसटीने त्याच्या गावी गेलो. त्याच्या बायकोने बसायला घोंगडी टाकली, पाणी दिलं.

"पाय वाचवणारे दादा ते तुम्हीच का?"

"हो."

तिने पदराला हात पुसले. मग म्हणाली, "पाय गेला असता तर घरी असता. पांगळा तर पांगळा, पण घरात असता."

मी मान खाली घालून रडलो. तिने मला रडू दिलं.

परतीच्या एसटीत मी सगळी वाट स्वतःशी भांडत आलो. तिचं खरं आहे, आणि तसं म्हणायचा तिला पूर्ण हक्क आहे. हवालदार काशिनाथ गावित स्वतःच्या दोन पायांवर त्या चौकीपर्यंत चढून गेला, त्यात माझाही हात आहे. तरीही उद्या तो पुन्हा माझ्यासमोर सावधान झोपला, तर मी पुन्हा बोलेन. आणि राउंडची वाट न बघता बोलेन.